सकाळी जालियनवाला, संध्याकाळी फुगडी

"मॅडम, मी निर्दयी आहे का हो?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोरच्या खुर्चीतून इतक्यांदा आला आहे की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. विचारणारी माणसं वेगळी, गावं वेगळी, पण मुद्दा तोच. म्युनिकला नोकरी करणारा एक तरुण आई-वडिलांना डाखाऊची छळछावणी दाखवून आला आणि त्याच रात्री मित्राच्या वाढदिवसाला पोट दुखेपर्यंत हसला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते हसणं त्याला टोचायला लागलं. एक नवं जोडपं अंदमानला गेलं होतं. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं, कोठड्या पाहिल्या, कोलू पाहिला. दुसऱ्या दिवशी बोटीत वारा लागताच बायको गाणं म्हणायला लागली आणि नवऱ्याने तोंड फिरवलं. "तुला काही वाटतच नाही," हे त्याचं वाक्य चार महिन्यांनी माझ्या खोलीतही तसंच ताजं होतं. एका आईने अमृतसरला, हिरवळ दिसताच धावत सुटलेल्या आपल्या आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत धपाटा घातला होता. मुलगा केव्हाच विसरला. आई अजून विसरलेली नव्हती.

या सगळ्यांच्या आधी आणि या सगळ्यांपेक्षा मला ज्यांनी जास्त शिकवलं, त्या बाईंबद्दल आज सांगते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव सांगत नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, गावात लहानथोर सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही दुसऱ्या भेटीपासून बाईच म्हणू लागले.

बाई पहिल्या भेटीला आल्या त्या हातात फुलस्केप कागद घेऊन. त्यावर अमृतसरचा एक दिवस तासातासाने लिहिलेला होता. सकाळी साडेआठ, जालियनवाला बाग. अकरा, हरमंदिर साहिबचं, म्हणजे सुवर्णमंदिराचं, दर्शन. साडेबारा, लंगर. अडीच, बस. आणि शेवटून दुसरी ओळ लाल शाईने: '४.५०, फुगडी.'

महिला मंडळाची सहल होती. अठरा जणी. बाईंनी आयुष्यभर आठवीच्या वर्गावर जालियनवाला शिकवलेलं, पण पाहिलेलं कधीच नव्हतं. त्या अरुंद बोळातून आत जाताना त्यांचे पाय जड झाले. याच बोळातून आत येऊन डायरने सैनिक उभे केले, आणि बोळ अरुंद म्हणून चिलखती गाड्या बाहेर ठेवाव्या लागल्या, हे त्यांना तोंडपाठ. आत गेल्यावर भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा, आणि मग विहीर. विहिरीजवळच्या फलकावर १२० देह बाहेर काढल्याचं लिहिलेलं आहे. तो आकडाही त्यांना पाठ होता. तरीही तिथे त्यांना रडू आवरेना. मैत्रिणीने पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ती हाताने दूर सारली. "तिथे पाणी पिणं मला कसंतरीच वाटलं," त्या म्हणाल्या.

तिथून पाच-सात मिनिटांवर हरमंदिर साहिब. डोक्यावर पदर, समोर तळं, कानावर कीर्तन. दर्शनानंतर ओंजळीत कडा प्रसाद पडला. गरम, तूप सुटलेला. बाईंनी तो तोंडात घातला नाही. शेजारणीच्या हातावर ठेवला. लंगरच्या पंगतीतही डाळ-रोटीला नुसता हात लावून उठल्या.

आणि मग दुपारी वाघा-अटारी. अमृतसरहून तीसेक किलोमीटर. ज्यांनी तो संध्याकाळचा सोहळा पाहिला आहे त्यांना माहीत असेल, संचलन सुरू व्हायच्या आधी सीमा सुरक्षा दलाचे जवान बायकांना रस्त्यावर बोलावतात. गाणी लागतात, बायका-मुली नाचतात, तिरंगा घेऊन धावतात. बाकीच्या सतरा जणी उठल्या. बाई बसून राहिल्या होत्या, दोघींनी दंडाला धरून ओढलं. रस्त्यावर उतरल्यावर पंजाबी ठेका काही जमेना, तेव्हा कुणीतरी हात पुढे केले आणि म्हणालं, "चला बाई, आपली फुगडी!"

"किती वर्षांनी घातली असेल माहीत नाही. पाय आपोआप जुळले. दम लागला, पदर सुटला, पण थांबावंसं वाटेना. मॅडम, मी खदखदून हसत होते. त्या दिवशी सकाळी ज्या डोळ्यांनी मी ती विहीर पाहिली, त्याच डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं."

व्हिडिओ अर्थातच काढला गेला आणि मंडळाच्या ग्रुपवरून तो बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. एकाने खाली लिहिलं, 'बाई, जालियनवाल्याच्या धड्याला वर्गात कुणी हसलं तर तुम्ही बाहेर उभं करायचात. आठवतं ना?' त्याने बहुधा गमतीनेच लिहिलं असावं. बाईंना ते छडीसारखं लागलं. सहलीहून आल्यावर त्यांनी मंडळात जाणं सोडलं. भाचीच्या मंगळागौरीचं बोलावणं परतवलं. घरात टीव्हीवर काही विनोदी लागलं की उठून आत जायच्या. यजमान काळजीत पडले आणि माझ्याकडे घेऊन आले.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "सकाळचं रडणं खरं होतं की संध्याकाळची फुगडी खरी होती? दोन्ही तर खरं असू शकत नाही."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण सगळी गाठ तिथेच होती.

इथे थोडं माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल. अशा वेळी काही सहकाऱ्यांनी बाईंच्या बालपणात डोकावलं असतं, एखादं दडपलेलं जुनं दुःख शोधलं असतं. मीही विचारपूस केली. तसं काही नव्हतं. आई-वडील वय होऊन गेलेले, संसार सुखाचा, मुलं मार्गी लागलेली. प्रत्येक वेदनेखाली दुसरी जुनी वेदना पुरलेली असतेच, असं मी मानत नाही. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आणि तेवीस वर्षांच्या कामानंतर तिच्यावरचा माझा विश्वास वाढतच गेला आहे. माणूस जे घडलं त्याने जेवढा पोळतो, त्याहून जास्त पोळतो ते घडलेल्या गोष्टीवर स्वतःच बजावलेल्या हुकमाने. त्यामुळे मी खणत बसत नाही, तो हुकूम शोधते. मराठीत तो शोधणं सोपंही आहे. बहुतेक वेळा तो 'च' या एका अक्षरात बसलेला असतो.

तिसऱ्या भेटीत मी बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही कसं वागायला हवं होतं, ते एका वाक्यात लिहा."

त्यांनी लिहिलं: 'अशा जागेवरून आल्यावर माणसाने गंभीर राहायलाच हवं.'

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"सकाळी दहाच्या सुमाराला तुम्ही बागेतून बाहेर पडलात. दुपारी बारापर्यंत गंभीर राहायचं? रात्रीपर्यंत? घरी पोचेपर्यंत?"

बाई गप्प.

"तुम्ही ४.५० ला लाल शाई वापरलीत. मग किती वाजता घातलेली फुगडी निळ्या शाईने लिहिली असती?"

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अशी काही वेळ ठरलेली नसते हो."

"घरात कुणी गेलं की ठरलेली असते ना?"

हे मी ठरवून विचारलं नव्हतं. तोंडून गेलं. पण प्रश्न बाहेर पडला आणि मलाच लख्ख दिसलं की बाई नेमक्या कुठे अडकल्या आहेत. त्या सुतकात होत्या. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या शेकडो अनोळखी माणसांचं सुतक त्यांनी धरलं होतं आणि ते फिटायचा दिवस कुणी सांगितलेलाच नव्हता.

आपल्याकडच्या या रीतीचा आपण कधी नीट विचार केला आहे का? सोवळं-ओवळं, विटाळ या कल्पना मी मानत नाही आणि कुणी मानाव्यात असंही म्हणत नाही. पण त्यामागे माणसाच्या मनाची जी जाण आहे ती मला फार मोलाची वाटते. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, पण शेजारून पिठलं-भात येतो आणि तो खावा लागतो. स्मशानातून आलेला माणूस अंघोळ करतो, मगच घरात वावरतो. शोकाला दिवस आखून दिलेले असतात. आणि ते संपले की गोडाचं जेवण होतं. त्या गोडाने दुःख संपत नाही, हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी घास घेतात. कुणीतरी वडीलधारं माणूस तो घास घ्यायला लावतं.

बाईंना मी सासूबाईंच्या तेराव्याबद्दल विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. "जिलबी घशाखाली उतरेना. आत्याबाई शेजारी येऊन बसल्या, स्वतःच्या हाताने तुकडा माझ्या तोंडात घातला. म्हणाल्या, तुझं उपाशी राहणं तिला पोचत नाही, खा."

"आणि तुम्ही खाल्लंत."

"खाल्लं."

"तेव्हा वाटलं का, की सासूबाईंसाठी रडले ते खोटं होतं?"

बाई म्हणाल्या, "छे! काहीतरीच काय!" आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांचा उजवा हात नकळत उघडला गेला होता, प्रसाद घ्यायला पुढे करतो तसा. मला वाटतं, ओंजळीतून शेजारणीकडे गेलेला तो कडा प्रसाद त्यांना त्या क्षणी आठवला असावा. मी विचारलं नाही. कधी कधी न विचारणं हेच काम असतं.

चौथी भेट थोडक्यात सांगते. 'मी ढोंगी आहे' हे बाईंचं दुसरं वाक्य. त्यावर मी एवढंच विचारलं, की पेपर तपासताना त्या गुण कशाला द्यायच्या, उत्तराला की मुलाला? एका चुकलेल्या उत्तरावरून त्यांनी कधी प्रगतिपुस्तकात 'हा मुलगा खोटा आहे' असा शेरा मारला होता का? त्या हसल्या. माझ्यासमोर पहिल्यांदा हसल्या. मुलांच्या बाबतीत जे तीस वर्षं पाळलं ते स्वतःच्या बाबतीत त्यांनी पाळलेलं नव्हतं.

पण खरं वळण आलं पाचव्या भेटीत, आणि ते माझ्यामुळे आलं असं म्हणणं अर्धंच खरं ठरेल.

मी म्हटलं, "बाई, मला तो धडा शिकवा. मी आठवीत आहे असं समजा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्या उभ्या राहिल्या. खरंच उभ्या राहिल्या, पदर खोचला. आवाज बदलला. रौलट कायदा, 'काळा कायदा' म्हणून झालेला विरोध, १० एप्रिलला डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना पकडलं, शहरात दंगल उसळली, डायर आला, सभांवर बंदी. मला माझी शाळा आठवली. इतकं सुंदर शिकवणं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजींबरोबर आपले बॅ. मुकुंदराव जयकर होते हे त्यांनी सांगितलं, आणि त्या चौकशीत नोंदलेली रतनदेवींची साक्ष सांगितली. नवऱ्याच्या देहाशी ही बाई एकटी रात्रभर बसून राहिली. संचारबंदीमुळे मदतीला कुणी येईना. कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून हातात बांबूची काठी. जवळच बारा-तेरा वर्षांचा एक जखमी मुलगा, 'मला सोडून जाऊ नका' म्हणणारा. त्याने पाणी मागितलं. पाणी नव्हतं.

बाईंनी त्या बागेत पाण्याची बाटली का दूर सारली, हे मला तेव्हा कळलं.

त्या पुढे गेल्या. "१६५० फैरी. साधारण दहा मिनिटं. सरकारी आकडा ३७९ मृत. काँग्रेसच्या चौकशीनुसार हजाराच्या आसपास." मग आठवीतल्या मुलांसाठी उजळणी करतात तशा मागे वळल्या. "तारीख सांगा. १३ एप्रिल १९१९. वार रविवार. त्या दिवशी बैसाखीचा सण होता."

आणि तिथे थांबल्या.

खोलीतला पंखा फिरत होता. मी बोलले नाही. बाई खिडकीकडे बघत होत्या. मग अगदी वेगळ्या आवाजात, वर्गातल्या नव्हे, म्हणाल्या, "सणाला आली होती ती माणसं."

मी मान हलवली.

"तीस वर्षं हे वाक्य मी तारखेसारखं शिकवलं. बैसाखीचा सण होता, स्वल्पविराम, पुढे गोळीबार. पण ती खेड्यापाड्यांतून सणाला आली होती. गुरांची जत्रा होती. हरमंदिर साहिबला जाऊन आली असतील. त्यांनी तो प्रसाद खाल्ला असेल. पोरं बरोबर होती. सभाबंदीचा हुकूम कित्येकांना माहीतच नव्हता. कुणी नुसतं टेकायला आलं असेल." मग खाली बसल्या. "मी त्यांना फक्त मेलेलीच शिकवली. एकदाही जिवंत शिकवली नाहीत."

त्या रडायला लागल्या. बागेत रडल्या असतील त्याहून वेगळं रडणं असावं हे, कारण त्यात कुठेही स्वतःला फटके मारणं नव्हतं. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाल्या, "त्या बोळात आता भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली आहेत. आत येणारी बाया-माणसं, पोरं. काही हसरीसुद्धा. मला राग आला होता बघून. इथे हसू कसं काय दाखवतात, असं वाटलं."

२०२१ मधल्या नूतनीकरणानंतरच्या त्या शिल्पांवर इतिहासाच्या अभ्यासकांनी टीका केली आहे आणि त्या टीकेत तथ्य आहे. जागेचं मूळ रूप पुसलं जाऊ नये असं मलाही वाटतं. बाईंचंही मत बदललेलं नाही. पण त्या हसऱ्या चेहऱ्यांवरचा त्यांचा राग मात्र त्या दिवशी विरघळला. "हसतच आत गेली असतील ना ती," असं त्या स्वतःशी दोनदा म्हणाल्या.

नंतर कित्येक दिवस माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. आपण दुर्घटनेच्या जागी जातो तेव्हा तिथल्या माणसांना त्यांच्या शेवटच्या दहा मिनिटांवरूनच ओळखतो. त्या आधीचं त्यांचं सगळं आयुष्य, लेकरांचे लाड, भांडणं, जत्रेतली खरेदी, आपल्या लेखी नसतंच. मग आपल्याला वाटतं की त्यांच्याशी इमान राखायचं तर त्या दहा मिनिटांतच राहायला हवं. डायरने त्या माणसांचं जे केलं, तेच आपण आठवणीत पुन्हा करतो. त्यांना बळींपुरतं ठेवतो. वाघ्याच्या रस्त्यावरची एक फुगडी त्या बैसाखीला आलेल्या माणसांना जितकी समजली असती तितकं बाईंचं चार महिन्यांचं कोमेजणं समजलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

अमृतसरने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. बैसाखी हा पिकाचा सण आणि १६९९ पासून खालसा पंथाच्या स्थापनेचाही दिवस. आजही त्या दिवशी हरमंदिर साहिबात दाटी असते, तळ्यात स्नानं होतात, आणि १३ एप्रिलला काही पावलांवरच्या बागेत श्रद्धांजली वाहिली जाते. ज्या शहराचं रक्त सांडलं त्याने सण सोडला नाही आणि स्मरणही सोडलं नाही.

सहाव्या भेटीला बाई आल्या त्या दारातूनच बोलत. "अगं, आपलं स्वतःचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं की!" मला 'मॅडम'ची 'अगं' केव्हा झाली ते त्यांनाही कळलं नसावं. "१४ जानेवारी १७६१. पानिपत. घराघरातलं माणूस गेलं, लाख बांगडी फुटली म्हणतो आपण. आणि आज त्याच तारखेला बहुतेक वर्षी संक्रांत येते. मी कितीदा सकाळी वर्गात पानिपत सांगितलंय आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला तिळगूळ वाटलाय! मला एकदाही ढोंगी वाटलं नाही."

इतिहासाच्या बाईंना त्यांच्याच विषयाने सोडवलं. मला त्याचा अभिमान वाटतो, कारण उत्तर माझ्या हातात असूनही मी ते त्यांच्या तोंडून यायची वाट पाहिली.

आता ज्यांच्या मनात हीच बोच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

जागेवरचं वागणं आणि जागेवरून आल्यानंतरचं वागणं, यांत गल्लत करू नका. विहिरीपाशी उभं राहून ओठांचा चंबू करून सेल्फी काढणं, गोळ्यांच्या खुणांवर बोट ठेवून पोज देणं, हे मला पटत नाही आणि ते मी स्पष्ट सांगते. तिथली शांतता तिथे प्राण गेलेल्यांचा हक्क आहे. पण बाहेर पडून तासाभराने तुम्हाला भूक लागली, लस्सी गोड लागली, कुणाच्या विनोदावर हसू फुटलं, तर तो अपमान कसा? हसू कशावर आलं, हे स्वतःला विचारा. मेलेल्यांवर आलं असेल तर जरूर लाज वाटू द्या. आपण जिवंत आहोत, वारा लागतो आहे, सोबत माणसं आहेत, म्हणून आलं असेल तर त्याला येऊ द्या. तासन् तास आवळून धरलेलं अंग कुठेतरी सैल पडणारच. कुणाचं रडण्यातून पडतं, कुणाचं नाचण्यातून, कुणी बसमध्ये बसल्या बसल्या गाढ झोपतं.

म्युनिकच्या त्या तरुणाला मी डॉ. व्हिक्टर फ्रँकल यांच्याबद्दल सांगितलं. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ ऑशविट्झमधून गेले आणि शेवटी डाखाऊच्याच उपछावण्यांत होते. तिथे मजुरी करताना त्यांनी शेजारच्या सोबत्याशी करार केला होता: रोज एकमेकांना किमान एक गमतीची गोष्ट रचून सांगायची, सुटकेनंतर काय घडेल त्याबद्दलची. छावणीच्या आत, उपाशीपोटी. "ते आत हसले," मी त्या मुलाला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "आणि तू बाहेर येऊन हसलास म्हणून शिक्षा भोगतोयस?" त्याने कॅमेरा बंद केला. मिनिटभराने चालू केला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

दुसरं असं, की दुःखाला काम द्या. नुसतं उराशी धरून बसलं की ते आंबतं. अशा जागेवरून आलात की कुणा एकाची साक्ष वाचा, एका तरी मुलाला ती गोष्ट नीट सांगा, एक नाव लक्षात ठेवा. बाईंसाठी ते नाव रतनदेवी. काम झालं की हातपाय धुवा, जेवा, गोड समोर आलं तर ते घ्या. ही हद्द तुम्हीच आखायची आहे, कारण इतिहासातल्या माणसांसाठी तेरावा घालायला कुणी आत्याबाई येत नाहीत.

सहल आखणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. बाग चाळीस मिनिटांत उरकून लोकांना थेट जेवायला आणि तिथून वाघ्याला नेऊ नका. मध्ये तासभर मोकळा ठेवा. तळ्याच्या काठी नुसतं बसू द्या. अठरा जणींपैकी किती जणींना तो तास हवा होता, ते त्यांच्यापैकी कुणीच बोललं नाही.

मुलं धावली तर धावू द्या. हळू आवाजात बोलायला, विहिरीपाशी थांबायला जरूर शिकवा, पण हिरवळ बघून आठ वर्षांचे पाय पळाले तर त्यात पाप शोधू नका. त्या बागेत त्या दिवशीही त्या वयाची मुलं होती. आणि बरोबरच्या माणसाच्या दुःखाचं माप काढू नका. अंदमानच्या त्या नवऱ्याला मी विचारलं, की त्याच्या बायकोने जेलमध्ये काय पाहिलं हे त्याने कधी तिला विचारलं का. विचारलं नव्हतं. तिने त्याच खोलीत, पहिल्यांदाच, सांगितलं: कोठडीच्या वरच्या झरोक्याकडे ती बराच वेळ बघत उभी होती आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर एवढं मोठं आकाश दिसल्यावर तिला गावंसंच वाटलं. तो ऐकत राहिला. त्यांना मला फार काही सांगावं लागलं नाही.

एक इशारा मात्र देते. अशा भेटीनंतर आठवड्यांमागून आठवडे झोप उडाली असेल, तीच चित्रं रात्री डोळ्यांसमोर येत असतील, जेवण तुटलं असेल किंवा स्वतःचाच एखादा जुना मृत्यू उफाळून आला असेल, तर 'आपण हळवे आहोत' म्हणून अंगावर काढू नका. जवळच्या समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटा. आणि उलट, काहीच वाटलं नाही म्हणून घाबरूनही जाऊ नका. काहींना त्या जागेचं ओझं सहा महिन्यांनी, एखाद्या भलत्याच दुपारी जाणवतं.

सातव्या भेटीला बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. कणीक, तूप, साखर समसमान घेऊन मंद आचेवर परतलेला, अजून कोमट. "प्रसाद म्हणत नाही, तो तिथलाच," त्या म्हणाल्या, "पण माझा त्या दिवशीचा घास राहिलाय." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी डब्यातून चमचाभर काढून त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो खाल्ला, बोटांना लागलेलं तूप तळहातांवर चोळून घेतलं आणि मग माझी ओंजळ पुढे करायला सांगितली.

त्या विद्यार्थ्याला त्यांनी उत्तरही लिहिलं होतं. मला वाचून दाखवलं. 'बाळा, तुला वर्गाबाहेर उभं केलं ते बरोबरच होतं, कारण तू रतनदेवीच्या गोष्टीला हसला होतास. पण धड्याचा अर्धा भाग माझ्याकडून शिकवायचा राहून गेला. १३ एप्रिलला घरी ये. जमतील त्यांना घेऊन ये.'

१३ एप्रिलला दुपारी मला फोन आला. नऊ जण आले होते, काही बायकोमुलांसकट. बाईंनी तासभर शिकवलं होतं. सुरुवात गुरांच्या जत्रेपासून केली, माणसं कुठकुठल्या खेड्यांतून आली असतील, काय काय घेऊन आली असतील, तिथपासून. मग गोळीबार. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. फोनवर मागून भांड्यांचा आवाज येत होता, एक लहान मूल किंचाळून हसत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"राहू दे रे, हसू दे त्याला," बाई तिकडे वळून म्हणाल्या, आणि मग मला, "थांब हं, शिरा संपायच्या आत तुझा वाटा काढून ठेवते."